सोलापूरच्या हवेत अल्पाकाची लोकर आणि फर कशी सांभाळावी

सोलापुरातल्या कपाटांत आता अल्पाकाचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या उंटाच्या कुळातल्या एका केसाळ जनावराच्या लोकरीचे, कपडे दिसायला लागले आहेत. परदेशातली लेक येताना आईसाठी शाल आणते, कुणी स्वेटर ऑनलाइन मागवतं, काश्मीरच्या किंवा युरोपच्या सहलीसाठी फरची कॉलर असलेलं जॅकेट घेतलं जातं. सहल संपते, लेक परत जाते आणि ही महागाची मऊ वस्तू घरात राहते. ती धुवायची कशी, ठेवायची कुठे, हे घरात कुणाला विचारावं तर सगळे अडखळतात, कारण आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळं कापसाचं आहे.

चादरी आणि टॉवेलांचं हे गाव. गरम पाणी, सोडा, धोपटणं, पिळणं, कडक ऊन, हे सगळं सुताला सोसतं. सोलापुरी चादर तर वर्षानुवर्षं असं धुऊन उलट मऊ होत जाते. अल्पाका म्हणजे सूत नव्हे, तो जनावराचा केस आहे. कापूस सेल्युलोजचा आणि हा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. आपल्या डोक्यावरचा केसही त्याच केराटिनचा. म्हणून पुढचं काही विसरलात तरी एवढं लक्षात असू द्या: स्वतःच्या केसांना जे करणार नाही, ते या कपड्याला करू नका. धुण्याच्या सोड्यानं डोकं कुणी धुत नाही आणि ओले केस दगडावर कुणी आपटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. पेरू आणि बोलिव्हियात अल्पाका साधारण साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवर चरतात, तिथे रात्री पाणी गोठतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर. आपल्याकडे ही लोकर अंगावर चढते ती डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, गड्ड्याच्या यात्रेत रात्री उशीर झाला तर, नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या एसी डब्यात. बाकीचे नऊ-दहा महिने ती बंद असते. वापरून झिजायची वेळच येत नाही. इथे लोकर बिघडते ती चुकीच्या धुण्यानं आणि बेफिकीर ठेवण्यानं. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

आधी वस्तू कसली आहे ते ओळखा

पहिल्यांदा आतल्या शिवणीवरची पट्टी वाचा. 'बेबी अल्पाका' असं लिहिलेलं असेल तर ते पिल्लाचे केस आहेत असं समजू नका, तो केसाच्या बारीकपणाचा दर्जा आहे. सुमारे २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या केसाला व्यापारात हे नाव देतात. अल्पाकाच्या दोन जाती. हुआकायाचा केस कुरळा आणि फुगीर, स्वेटर-मोजे बहुतेक याचेच. सुरीचा केस लांब, सरळ आणि रेशमासारखा चमकणारा. शाली आणि कोट यांसाठी तो जास्त वापरतात. सुरीचा कपडा लवकर लोंबतो, त्याला अधिक जपावं लागतं.

पट्टीवर चित्रंही असतात. टबमध्ये हात म्हणजे हातानं धुवा. टबवर फुली म्हणजे पाण्यात घालूच नका. नुसतं वर्तुळ ड्रायक्लीनिंगचं. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. शेवटचं चित्र अल्पाकाच्या कपड्यावर जवळजवळ नेहमी असतं आणि नेमकं तेच आपल्याकडे कुणी पाळत नाही.

पट्टी नसेल किंवा शंका असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहा. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. खरा केस जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतो आणि मागे बोटांनी चुरडेल अशी काळी राख राहते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा कडक मणी होतो आणि वास प्लास्टिकचा येतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. फरचीही परीक्षा अशीच, दोन-चार केस पुरतात. फरला आणखी एक खूण आहे. केस बाजूला करून मुळाशी पाहा. खाली कातडं दिसलं तर फर खरी, विणलेलं कापड दिसलं तर नकली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या फरच्या कॉलरी आणि टोप्या बहुतांश नकली असतात, आणि सांभाळायला त्या सोप्या.

घरात आजोबांच्या काळातली एखादी कातडी निघाली तर तिला हात लावण्याआधी ती कोणत्या प्राण्याची आहे ते पाहा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघ, बिबट्या, पाणमांजर अशा संरक्षित प्राण्यांच्या कातड्याची वस्तू बाळगणं, विकणं, भेट देणं यांवर कडक बंधनं आहेत. तिबेटी हरणाच्या लोकरीच्या शहातूश शालीला आपल्या देशात बंदी आहे. असं काही सापडलं तर ते साफ करायला कुठे देऊ नका, आधी वनखात्याकडे चौकशी करा. सशाची फर, मेंढीचं केसाळ कातडं आणि अल्पाकाच्या कातड्याचे गालिचे, सपाता, खेळणी हे या लेखापुरते आपले विषय.

रोजच्या वापरात

अल्पाका वारंवार धुवायचाच नसतो. एका हिवाळ्यात एकदा, फार तर दोनदा धुतला तरी पुरे. त्यासाठी आत सुती सदरा किंवा बनियन घाला, म्हणजे घाम आणि अंगाचं तेल लोकरीपर्यंत पोचत नाही. अत्तर आणि केसांचं तेल कपडा चढवण्याआधी लावा आणि सुकू द्या.

अंगावरून उतरवला की लगेच कपाटात कोंबू नका. लोकर भरपूर दमट होते आणि हाताला तरी कोरडीच लागते. रात्रभर खुर्चीच्या पाठीवर नव्हे, बाजेवर किंवा पलंगावर सपाट पसरून ठेवा. आपल्याकडे हिवाळा कोरडा आणि धुळीचा, त्यामुळे सकाळी मऊ केसांच्या ब्रशनं वरून खाली, एकाच दिशेनं हलकेच झाडा. बाळाच्या केसांचा ब्रश या कामाला उत्तम. धूळ धाग्यांत बसली की ती धागा घासते आणि पुढे धुण्याचं कामही वाढवते.

काखेत आणि बाह्यांवर बारीक गोळे येतील. माल वाईट होता म्हणून ते येतात असं नाही. तोकडे केस घासून वर येतात, तेच एकमेकांत गुंततात. बोटांनी ओढू नका, ओढला की आतला चांगला केसही बाहेर येतो. कपडा टेबलावर सपाट ठेवा, एक हात ताणून धरा आणि लहान कात्रीनं गोळा वरच्यावर कापा. बारीक दातांची फणी हलकेच फिरवली तरी चालते.

डाग पडला तर

आपल्या घरात डाग पडणार तो बहुधा शेंगाचटणीच्या तेलाचा. चटणीचे कण आधी चमच्याच्या कडेनं उचला. मग डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा आणि रात्रभर राहू द्या, तेल त्यात ओढलं जातं. सकाळी झाडा, तेलकटपणा उरला असेल तर पुन्हा पसरा. त्यानंतरच थोड्या पाण्यात लोकरीचं द्रव साबण घालून, पांढऱ्या फडक्यानं डाग बाहेरून आत टिपत जा. चोळू नका, चोळल्या जागी लोकर कायमची पिंजारते.

हळदीच्या डागाला अंगाचा किंवा कपड्याचा नेहमीचा साबण लावलात तर तो लाल होतो. हळदीचा रंग क्षारात लाल होतो म्हणून असं घडतं. डाग आणखी बिघडला असं वाटून लोक मग जोरात घासतात, खरं नुकसान तिथे होतं. गार पाण्यात लोकरीच्या साबणाचे दोन थेंब घालून टिपा, राहिलेला पिवळेपणा पुढच्या धुण्यात आणि प्रकाशात हळूहळू उतरतो. डागापुरतं सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दाखवायला हरकत नाही. सबंध कपडा उन्हात नको.

चहा सांडला तर लगेच गार पाण्यानं टिपा. ब्लीच, म्हणजे घरोघरी असतं ते क्लोरीनचं द्रावण, कुठल्याही डागावर लावू नका. लोकर त्यात अक्षरशः विरघळते.

धुणं

आधी पाणी पाहा. सोलापुरात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बाहेरच्या कुठल्याही सूचनापत्रात तो सापडणार नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार भरपूर. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी अल्पाकाला नको. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो, केसांवर बसतो आणि कपडा राठ होतो. नळाला उजनीचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या बाजूला भरून ठेवा. शेवटच्या खळखळणीसाठी फिल्टरचं पाणी काढून ठेवता आलं तर आणखी चांगलं.

मग पाण्याची ऊब. ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे हात घातला तर गरमही वाटू नये आणि झोंबूही नये. मार्चनंतर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी याहून कितीतरी तापलेलं असतं. नळ उघडून सरळ टबात धार सोडली की स्वेटर हमखास आटतो. म्हणून धुणं सकाळी लवकर करा, आणि धुण्याचं व खळखळण्याचं सगळं पाणी आधीच भरून एका जागी ठेवा, म्हणजे सगळ्याची ऊब सारखी राहील. कोमट पाण्यातून एकदम थंड पाण्यात गेलं तरी लोकर आखडते.

हे का होतं ते समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. प्रत्येक केसावर अतिशय बारीक खवले असतात. मेंढीच्या केसापेक्षा अल्पाकाचे खवले चपटे, म्हणूनच तो कमी टोचतो. पण असतात. ऊब, साबण आणि घासणं एकत्र आलं की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड जाड, घट्ट आणि लहान होतं. घोंगडी घट्ट होण्यामागेही हीच क्रिया असते. तिथे ती हवीशी असते, इथे नको.

साबणाचं म्हणाल तर लोकरीसाठीचं द्रव डिटर्जंट घ्या, ईझी किंवा तशाच प्रकारचं कुठलंही चालेल. साधी पावडर क्षारी असते, केसाला क्षार मानवत नाही. 'डाग खाणारी' एन्झाइमची पावडर तर मुळीच नको. रक्त, अंडं यांचे डाग काढण्यासाठी तिच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स घालतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. रिठा हा आपल्याकडचा जुना आणि खरोखर चांगला पर्याय. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेले आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावर वापरा. एवढं ध्यानात घ्या की रिठ्याच्या पाण्याला तपकिरी छटा असते. पांढऱ्या किंवा बदामी कपड्याला ती चढू शकते, गडद रंगांना भीती नाही.

रंग जातो का ते पाहण्यासाठी शिवणीजवळ ओलं पांढरं फडकं दाबून धरा. अल्पाका जन्मतःच पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अनेक रंगांत येतो, आणि न रंगवलेल्या लोकरीचा रंग जात नाही. रंगवलेली असेल तर ती एकटीच धुवा.

धुण्याआधी मापं घेऊन ठेवा: छाती, लांबी, बाही. कागदावर लिहा. वाळवताना याचीच गरज पडते. गुंड्या लावा, कपडा उलटा करा.

आता प्रत्यक्ष धुणं. टबात पाणी घ्या, साबण आधी विरघळवा, मग कपडा अलगद बुडवा. दोन्ही तळव्यांनी खाली दाबा, सोडा, पुन्हा दाबा. कणीक मळायची नाही, घासायचं नाही, नळाची धार वरून सोडायची नाही. दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. मग टब तिरका करून पाणी ओता आणि कपडा कडेला दाबून धरा. भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी घाला, दाबा, ओता. फेस जाईपर्यंत असं करा. शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक चमचा पांढरं व्हिनेगर टाका. जड पाण्याचा आणि साबणाचा जो काही अंश उरला असेल तो त्यानं निघतो आणि केसाला पुन्हा मऊपणा येतो. व्हिनेगरचा वास वाळल्यावर राहत नाही.

वॉशिंग मशीनच्या 'वूल' बटणावर माझा विश्वास नाही. आधीच मिश्र धाग्याचा आणि पट्टीवर मशीनची परवानगी असलेला कपडा असेल तर जाळीच्या पिशवीत घालून पाहा. शुद्ध अल्पाका हातानंच धुवावा.

पिळायचं नाही, गुंडाळायचं

ओली लोकर कमजोर होते आणि अल्पाकाच्या केसात मेंढीच्या केसाएवढी लवचीकता नसते. खांद्याला धरून उचललात तर पाण्याच्या वजनानं बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. टबातून काढताना दोन्ही हात खालून घाला आणि गोळा करूनच उचला.

इथे आपल्या गावचा माल कामाला येतो. जाड सोलापुरी टर्किश टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर कपडा सपाट मांडा आणि टॉवेलसकट गुंडाळी करा. गुंडाळीवर हातांनी दाब द्या, हवं तर गुडघ्यानं. टॉवेल भिजला की दुसरा घ्या. दोन टॉवेलांत बहुतेक पाणी निघून जातं. टॉवेल पांढरा किंवा बरेचदा धुतलेला असावा. कोऱ्या रंगीत टॉवेलाचा रंग ओल्या लोकरीला लागला तर तो काढणं अवघड.

वाळवायला बाज उत्तम, कारण खालूनही हवा लागते. पापड-कुरडया वाळवता तीच बाज चालेल, फक्त वर धुतलेलं सुती कापड अंथरा. आधी घेतलेली मापं समोर ठेवून कपडा त्याच मापात हलकेच ओढून मांडा. बाही सरळ करा, गळा नीट करा. ज्या आकारात वाळेल तोच आकार राहील. जागा सावलीची हवी, म्हणजे पंख्याखाली किंवा वारा असलेल्या खोलीत. आपल्या कोरड्या हवेत पातळ शाल दिवसभरात आणि जाड स्वेटर दोन दिवसांत वाळतो, मध्ये एकदा उलटा. उन्हानं पांढरी लोकर पिवळी पडते, केस ठिसूळ होतो. ऊन फुकट आहे म्हणून गच्चीवर नेण्याचा मोह टाळा. दोरी आणि हँगर तर वाळल्यानंतरही नकोत.

इस्त्री लागलीच तर कपडा उलटा करून, वर ओलसर सुती फडकं ठेवून, लोकरीच्या खुणेवर वाफ द्या. इस्त्री टेकवून ओढू नका.

फर आणि केसाळ कातडं

फर म्हणजे केस आणि त्याखाली कमावलेलं कातडं. सांभाळायचं असतं ते मुख्यतः कातडं. त्यातलं तेल टिकलं तर फर वर्षानुवर्षं राहते, तेल आटलं तर कातडं कडक होऊन फाटतं आणि केस मूठमूठ गळतात. परदेशात फरचे कोट उन्हाळ्यात दहा अंशांच्या आसपासच्या थंड कोठारात ठेवतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, तेव्हा घरातली सगळ्यात थंड जागा शोधणं एवढं आपल्या हातात आहे.

खरी फर पाण्यात घालायची नाही. रोजची काळजी म्हणजे झटकणं: खांद्याला धरून दोन-चार झटके द्या, केस आपोआप बसतात. मळली असेल तर गव्हाचा कोंडा कोरड्या तव्यावर हाताला सोसेल इतपत कोमट करा, फर जमिनीवर पसरून त्यावर भुरभुरवा, बोटांनी केसांच्या मुळांपर्यंत हलके फिरवा आणि अर्ध्या तासानं झटका. कोंडा तेल आणि मळ ओढून घेतो. नंतर तो पूर्ण निघाला पाहिजे. उरलेला दाणा किड्यांना आमंत्रण देतो, म्हणून शेवटी व्हॅक्यूमचं तोंड जाळीदार कापडानं झाकून, कमी ओढीवर फिरवा.

पावसात भिजली तर झटका, रुंद हँगरवर टांगा आणि पंख्याच्या वाऱ्यात, भिंतीपासून दूर वाळू द्या. हेअर ड्रायर, हीटर, ऊन यांपैकी काही नको. नुसते केस ओले झाले असतील तर काही बिघडत नाही. पाणी कातड्यापर्यंत पोचलं तर ते आखडायच्या आत कातडीकामाच्या जाणकाराला दाखवा. नेहमीच्या लाँड्रीत खरी फर टाकू नका. ड्रायक्लीनिंगचं द्रावण कातड्यातलं तेल काढून टाकतं.

अल्पाकाच्या सपाता आणि गालिचे पेरूहून येतात, त्यांनाही हेच नियम. गालिचा महिन्यातून एकदा उलटा करून मागून हलक्या हातानं थोपटा, पुढून ब्रश करा. धोपाटणं वापरलं तर कातडं चिरतं.

नकली फर गार पाण्यात, सौम्य साबणात हातानं धुता येते. तिला भीती उष्णतेची. केस ॲक्रिलिकचे असतात, इस्त्री लागली की वितळून चिकटतात आणि मग काही करता येत नाही. वाळली की रुंद दातांच्या ब्रशनं केस मोकळे करा.

ठेवणं

महाशिवरात्रीनंतर सोलापुरात लोकर लागत नाही. होळीपर्यंत बांधाबांध संपवा.

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: न धुतलेला कपडा ठेवायचा नाही. कसर नुसत्या स्वच्छ लोकरीवर फार नीट वाढत नाही. घाम, तेल, सांडलेलं अन्न जिथे असेल तिथे तिची अळी आधी लागते. 'एकदाच तर घातला' म्हणून ठेवलेल्या शालीलाच भोकं पडतात, आणि तीही मानेपाशी.

शत्रू कोण ते ओळखा. एक बारीक, पिवळसर चमकदार पतंग. दिव्याकडे झेपावणारे पतंग वेगळे. हा अंधारात कोपऱ्यातून पळतो. पतंग स्वतः काही खात नाही, खाते ती त्याची अळी. दुसरा एक ठिपकेदार गोल भुंगेरा, मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. तो फुलांवर पराग खातो आणि तिथून घरात येतो, त्याची केसाळ अळी लोकर, फर, पिसं सगळं खाते. लोकरीच्या कपाटाजवळ हार-फुलं ठेवू नका.

डांबरगोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते. हवाबंद पेटीत त्यांची वाफ साठली तरच त्या किडे मारतात. उघड्या कपाटात दोन गोळ्या टाकल्या तर नुसता वास होतो. तो वास अल्पाकात महिनोन्महिने राहतो, गोळीला टेकलेली प्लास्टिकची गुंडी चिकट होऊ शकते, आणि मुख्य म्हणजे काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना डांबरगोळ्यांच्या वासाच्या कपड्यांनी गंभीर कावीळ होऊ शकते. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या आणूच नका.

वेखंडाचे तुकडे आणि पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला आपल्या आज्या वापरत आल्या. मीही वापरते, पण पाल्याच्या भरवशावर कपडा वर्षभर विसरणं मला मान्य नाही. वास उतरतो, दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधा, ओलसर राहिला तर बुरशी आणि डाग दोन्ही येतात.

कपडा हवेत दोन दिवस पूर्ण वाळला की सैल घडी घाला, घडीच्या आत पांढरा साधा कागद ठेवा, वर्तमानपत्र नको, शाई लागते. मग सुती पिशवीत. जुन्या मऊ धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या, विण घट्ट असू द्या आणि तोंड नीट बंद होऊ द्या. खळ घातलेलं कापड वापरू नका, खळ खायला झुरळं येतात. लोकरीचा कपडा ताबडतोब पॉलिथिनमध्ये कोंबणं पावसाळ्यात महागात पडतं, आतला दमटपणा बाहेर पडत नाही. फर टांगून ठेवा, खांद्याला जाड पॅड लावलेला हँगर घ्या, वरून सैल सुती कव्हर, आणि शेजारच्या कपड्यांचा दाब तिच्यावर येऊ देऊ नका.

जागा निवडताना भिंत पाहा. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीतलं कपाट उन्हाळ्यात आतून तापतं आणि पावसात ओल धरतं. माळ्यावर स्लॅबखाली तर खऱ्या फरला मे महिना काढता येणार नाही. तळमजल्यावरची आतली खोली, भिंतीपासून थोडी सुटी ठेवलेली पेटी, हे बरं. जुनी पत्र्याची ट्रंक उत्तम, फक्त आत गंज नसावा आणि तळाला सुती चादरीची घडी असावी.

सोलापुरात पाऊस सप्टेंबरात जोर धरतो. तो ओसरून ऑक्टोबरची उष्ण, कोरडी हवा सुरू झाली की, दसऱ्याच्या साफसफाईत, सगळं बाहेर काढा. सावलीत दिवसभर हवा द्या, प्रत्येक घडी उलगडा, शिवणी आणि कॉलरीखाली पाहा, झाडा, नव्या जागी नवी घडी घाला. त्याच दिवशी कपाटाच्या सांध्यांतून व्हॅक्यूम फिरवा. अंधार आणि शांतता कसरीला हवी असते. वर्षातून दोन-तीनदा ती मोडली तरी निम्मं रक्षण होतं.

कसर लागलीच तर

बारीक भोकं, रेशमी जाळी, वाळूसारखे कण, किंवा भुंगेऱ्याच्या अळीच्या केसाळ तपकिरी काती दिसल्या तर ती वस्तू लगेच वेगळी करा आणि पिशवीत बंद करा. लोकरीला सगळ्यात कमी इजा करणारा उपाय थंडीचा. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांपर्यंत जाणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एकदारी छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही, त्यावर विसंबू नका. मध्ये बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा मोजायला सुरुवात करा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास बंदच राहू द्या, नाहीतर बाहेरची वाफ थंड लोकरीवर पाणी होऊन बसते. मग झाडा आणि धुवा. फर असेल तर झाडून हवा द्या. शेजारच्या सगळ्या लोकरी वस्तू तपासल्याशिवाय कपाट पुन्हा भरू नका.

सुटलेला टाका, पडलेलं भोक, आटलेला स्वेटर

खिळ्याला अडकून धागा बाहेर आला तर कापू नका. जाड बोथट सुईनं तो मागच्या बाजूला ओढा आणि शेजारचे टाके बोटांनी सारखे करा. लहान भोकाला त्याच रंगाच्या धाग्यानं रफू करता येतं. तो धागा आतल्या शिवणीच्या टोकातून मिळतो किंवा नव्या स्वेटरसोबत आलेल्या धाग्याच्या छोट्या गुंडीतून, म्हणून ती गुंडी फेकू नका. महाग शालीचं भोक स्वतः शिवू नका, चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांना विचारलं तर रफू करणाऱ्याचा पत्ता मिळू शकेल.

थोडा आखडलेला स्वेटर पूर्ण हाताबाहेर गेलेला नसतो. कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि ओलसर असताना लिहून ठेवलेल्या मापाकडे थोडा थोडा ओढत मांडा. दर दोन तासांनी पुन्हा. एखादा बोटभर मिळतो, कधी दोन. विण दिसेनाशी होऊन कापड नमद्यासारखं घट्ट झालं असेल तर मात्र ओढू नका, केस आता सुटणार नाहीत. अशा कापडाला एक गुण येतो: कापलं तरी धागे निसटत नाहीत. त्याची कानटोपी, चपलेच्या आतले तळवे किंवा चहाच्या किटलीचं झाकण कापून घ्या, कडा दुमडायचीही गरज पडत नाही.